किडनी, रक्तवाहिन्या आणि कॉफीचा कप



आपल्या नाशिक जिल्ह्यात पाहुणा आला की चहाचेच आधण पडते. कॉफीचा मान एखाद्या दिवशी. पण "कॉफीने किडनी चांगली राहते" असे हल्ली पुष्कळ जण सांगतात. त्यात तथ्य किती, ते पाहू.

प्रत्येक किडनीत सुमारे 10 लाख सूक्ष्म गाळण्या असतात. केसाहून बारीक वाहिन्यांतून तिथे रक्त गाळले जाते. ठिबकचा दाब प्रमाणाबाहेर गेला की नळी फुटते. तसेच वाढलेला रक्तदाब आणि रक्तातली साखर या वाहिन्यांचे अस्तर बिघडवतात. दुखत काहीच नाही, म्हणून लवकर कळतही नाही.

कॉफीच्या बीत क्लोरोजेनिक आम्ल असते. ते दाह कमी करते व रक्तवाहिन्या सैल राहण्यास मदत करते, असे प्रयोगांत दिसले आहे. अमेरिकेत सुमारे 14 हजार प्रौढांची 24 वर्षे पाहणी झाली. 2022 साली प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षानुसार, कॉफी पिणाऱ्यांत किडनीला अचानक इजा होण्याचा धोका सुमारे 15 टक्के कमी आढळला. मात्र तो कॉफीमुळेच कमी झाला, हे अशा पाहणीतून सिद्ध होत नाही.

मग प्यावी का? सवय असेल तर दिवसाला दोन कपांना हरकत नाही. साखर आपल्याच कारखान्याची असली तरी बेतानेच! कॅफिनने काही वेळ रक्तदाब चढतो. रक्तदाब फार असणाऱ्यांनी, गरोदर भगिनींनी व किडनीच्या रुग्णांनी आधी डॉक्टरांना विचारावे.

खरी राखण मात्र दुसरीकडेच आहे. मध्य अमेरिकेतील निकाराग्वा व एल साल्वाडोर या देशांत मधुमेह नसलेल्या तरुण ऊसतोड कामगारांच्या किडन्या निकामी झाल्या. कडक उन्हातले अतिश्रम आणि पाण्याची कमतरता हे त्याचे मोठे कारण मानले जाते. पाणी, विसावा व सावली मिळाल्यावर तिथे इजा कमी झाल्याचे दिसले.

म्हणून हंगामात आपल्या फडावर टोळीसाठी पिण्याचे पाणी व सावली ठेवावी. अंगदुखीवर रोज दुकानातली गोळी घेऊ नये. अशा पुष्कळ गोळ्या किडनीला घातक ठरतात. वर्षातून एकदा रक्तदाब, साखर, क्रिएटिनिन व लघवी तपासून घ्यावी.

कॉफी खुशाल प्या. पण आधी फडावर पाण्याचा हंडा पोचवा.