घराच्या बागेंतील करवंद



गेल्या वर्षीं उन्हाळ्याची सुटी लागण्यापूर्वीं नववींतील एका विद्यार्थ्यानें एक चित्र आणून आम्हांस दाखविलें. त्यांत तांबड्या, गुळगुळीत सालीचें एक देखणें झुडूप होतें. त्याचें नांव मांझानिता. स्पॅनिश भाषेंत याचा अर्थ लहान सफरचंद. "सर, हें उन्हाळाभर पाण्यावांचून जगतें. आपल्याकडे लाविलें तर आईला बागेसाठीं पाणी वाहावें लागणार नाहीं," असें तो म्हणाला.

प्रश्नामागची कळकळ आम्हांस आवडली. यवतमाळच्या कित्येक घरीं मे महिन्यांत गुलाबाचीं चार झाडें जगवावयाचीं म्हणजे कोणाच्या तरी डोक्यावर घागर चढते, व तें डोकें बहुधा घरांतील आईचें किंवा बहिणीचें असतें. अशी बाग शोभेची खरी, पण तिची किंमत कोण देतें हें मुलांनीं पाहावें.

तथापि मांझानिता आपल्या कामाची नाहीं. तिचें माहेर अमेरिकेंतील कॅलिफोर्निया प्रांत. तेथें पाऊस हिवाळ्यांत पडतो व उन्हाळा कोरडा जातो. जमीन तापलेली असतांना मुळें ओलीं राहिलीं कीं हें झुडूप कुजून मरतें. आपला बहुतेक सर्व पाऊस जून ते सप्टेंबर या उष्ण दिवसांतच पडतो. म्हणजे जें तिला मारक तेंच आपण तिला दरवर्षीं देणार! तेव्हां झाड निवडतांना तें किती तहान सोसतें एवढेंच पाहून भागत नाहीं. त्याच्या देशीं पाऊस केव्हां पडतो हेंही विचारावें.

आपल्या मुरमाड टेकड्यांवर वाढणारें करवंद या परीक्षेस उतरतें. तें कण्हेरीच्या कुळांतलें. पान तोडतांच पांढरा चीक येतो. बारमाही हिरवें, जुईसारख्या सुवासिक पांढऱ्या फुलांचें, जोडकांट्यांचें हें झुडूप मे-जूनमध्यें काळ्या फळांनीं लगडतें. कच्च्या फळांचें लोणचें कोणास ठाऊक नाहीं? शेळ्याही कांट्यांमुळें याच्या वाटेस फारशा जात नाहींत. मात्र दाराजवळ किंवा लहान मुलें खेळतात तेथें तें लावूं नये.

जंगलांतून मोठें झुडूप उपटून आणण्याचा मोह आवरावा. लांब मुळें तुटतात व तें बहुधा जगत नाहीं. टिपेश्वरसारख्या अभयारण्यांतून परवानगीवांचून झाड काढणें तर 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानें गुन्हाच आहे. त्यापेक्षां बी लावावें. बियांपासून झालेलीं झाडें सारखीं निपजत नाहींत, म्हणून ज्या झुडपाचीं फळें चाखून गोड व टपोरीं वाटलीं त्याचेंच बी घ्यावें. मोठ्या फळांची हौस असल्यास दापोलीच्या कृषि विद्यापीठाची 'कोंकण बोल्ड' ही जात आहे. बी धुऊन गर काढावा व लगेच पेरावें. सांठवून ठेविल्यास त्याची उगवण्याची शक्ति लवकर जाते. दुधाच्या रिकाम्या पिशवीस खालीं भोंकें पाडून तींत अर्धा इंच खोल बी टाकलें म्हणजे पुरे. रोप मंद वाढतें. वर्षभर पिशवींतच सांभाळून पुढील पावसाळ्याच्या आरंभीं तें जमिनींत लावावें.

आतां जमिनीविषयीं, कारण येथेंच आम्ही स्वतः फसलों. आमचें अंगण काळ्या मातीचें. आम्हीं दोन दोन फूट खोल पांच खड्डे खणून त्यांत मुरूम व शेणखत भरलें आणि मोठ्या अभिमानानें रोपें लाविलीं. "येथें पाणी सांचतें," असें घरांतून सांगण्यांत आलें होतें. आम्हीं तें मनावर घेतलें नाहीं. ऑगस्टमध्यें पानें पिवळीं पडलीं. पाणी कमी पडलें असेल म्हणून आम्हीं आणखी घातलें! शेवटीं उपटून पाहिलें तों मुळें काळीं पडून कुजलेलीं. चिकण मातींतील तो मुरमाचा खड्डा म्हणजे पाण्यानें भरलेली बादलीच झाली होती. कोंकणांत आपल्या तिपटीहून अधिक पाऊस पडतो, तरी जांभ्याच्या उतारावर करवंदी माजते, कारण पाणी तेथें थांबत नाहीं.

म्हणून आधीं फूटभर खोल खड्डा करून तो पाण्यानें भरावा. जिरल्यावर पुन्हां भरावा. दुसरें पाणी सकाळपर्यंत तसेंच उभें असेल तर तेथें खड्ड्यांत झाड लावूं नये. तीच माती मुरूम मिसळून फूट-दीड फूट उंच व चांगली रुंद रचावी आणि त्या उंचवट्यावर रोप लावावें. कुंपणासाठीं अडीच-तीन फुटांवर, एकटें झुडूप हवें तर आठ फुटांवर लावावें. पहिले दोन उन्हाळे आठ-दहा दिवसांनीं एकदां भरपूर पाणी द्यावें. रोज तांब्याभर शिंपूं नये, त्यानें मुळें वरवरच राहतात. बुडाशीं वाळका पालापाचोळा पसरावा. पुढें घागरीची गरज सहसा पडत नाहीं. छाटणी करावयाची ती फळें उतरल्यावर, हलक्या हातानें.

त्या विद्यार्थ्यानें जूनमध्यें पेरलेल्या बियांपैकीं बारा उगवल्या. सध्यां त्या पिशव्या शाळेच्या विहिरीजवळ, लिंबाखालीं आहेत. येत्या पावसाळ्यांत त्यांतील चार तो घरीं नेणार आहे. उरलेलीं आठ ज्यांना हवीं असतील त्यांनीं प्रथम खड्ड्याची परीक्षा करून आमच्याकडे यावें.