आजचं चिंतन : "तेही जमत नसेल तर..." (गीता, अध्याय १२, श्लोक ८ ते ११)



चार दिवस चिंतन आलं नाही, त्याबद्दल माफी. गावी होतो, जिवतीला. तिथे काय झालं ते सांगतोच, कारण आजचे श्लोक मला तिथेच थोडे कळले.

आधी श्लोक काय म्हणतात ते पाहू. भगवंत अर्जुनाला सांगतात, मन आणि बुद्धी माझ्या ठिकाणी ठेव, तू माझ्यातच राहशील. हे आठव्या श्लोकात. नवव्यात म्हणतात, चित्त असं स्थिर ठेवता येत नसेल तर अभ्यास कर, म्हणजे मन पुन्हा पुन्हा आणून बसव. दहाव्यात : अभ्यासही झेपत नसेल तर माझ्यासाठी कर्म कर. अकराव्यात : तेही होत नसेल तर कर्मं करत राहा, फक्त त्यांचं फळ सोड.

खरं सांगू? कॉलेजात असल्यापासून मी हे चार श्लोक निकालासारखे वाचत आलो. आठवा म्हणजे डिस्टिंक्शन, नववा फर्स्ट क्लास, दहावा पास क्लास आणि अकरावा एटीकेटी. सकाळी जप चुकला, ऑफिसच्या बसमध्ये दोन ओळी वाचून समाधान मानलं, की वाटायचं आपण एटीकेटीवाले. तुमच्यापैकी बऱ्याच जणांचे मेसेज याच सुराचे असतात. "दादा, पूर्ण पाठ होत नाही, मग अर्धा करून काय उपयोग?"

आता जिवती. चंद्रपूर जिल्ह्याच्या दक्षिण टोकाला, माणिकगडच्या डोंगरावर आमचा तालुका. गडचांदूर सोडलं की घाट चढून वर यायचं, पलीकडे तेलंगणा. इथे गोंड आणि कोलाम लोकांची जुनी वस्ती आहे. शिवाय १९७२ च्या दुष्काळानंतर मराठवाड्यातून आलेली पुष्कळ कुटुंबं आहेत, त्यांतलंच आमचं. येताना फार काही आणलं नव्हतं, पण ज्ञानेश्वरीची पोथी आणली होती. आई ती रोज वाचायची.

दोन वर्षांपूर्वी आईला काचबिंदू असल्याचं कळलं, तोवर बरीच नजर गेली होती. गेलेली परत येत नाही, उरलेली थेंब घालून टिकवायची. तिने पोथी कापडात गुंडाळून ठेवली आणि देवघरासमोर बसणंच बंद केलं. "वाचता येईना तर नुसतं बसून काय करू?" म्हणाली. मी मोबाईलवर ज्ञानेश्वरी लावून दिली. तो पातळ, पत्र्यासारखा आवाज तिला आवडेना. तिच्या कानात माहेरचा व्हॉल्व्हचा रेडिओ बसलेला.

म्हणून मी व्हॉल्व्ह अँप्लिफायरचं किट मागवलं. (हो, चांगला ब्लूटूथ स्पीकरही चालला असता. थोडा माझा शौक, कबूल.) साधंच किट : पुढे ईसीसी ८३, मागे ईएल ८४, एक स्पीकर, पाचेक वॉट आवाज. मामा जुने रेडिओ मेकॅनिक, बंगळूरच्या भारत इलेक्ट्रॉनिक्सचे व्हॉल्व्ह डबीत जपून ठेवणारे. आता त्यांचे हात थरथरतात, सोल्डरिंग जमत नाही. ते खाटेवर बसून सांगायचे आणि मी डाग द्यायचा, असं ठरलं.

खोकं उघडलं तर एक कंडेन्सर फुटलेला. एक पाय तुटलेला, अंगाला चीर. ०.१ मायक्रोफॅरड, ४०० व्होल्ट. दोन व्हॉल्व्हच्या मधला, ज्याला कपलिंग म्हणतात तो. नवा मागवायचा तर आठवडा, आणि माझी सुट्टी चार दिवसांची.

या कंडेन्सरचं काम समजून घ्या, पुढे लागेल. पहिल्या व्हॉल्व्हच्या प्लेटवर साधारण १७० व्होल्टचा डीसी दाब असतो आणि त्या दाबावर गाण्याची लहर स्वार झालेली असते. कंडेन्सरने लहर पुढे जाऊ द्यायची आणि दाब अडवायचा. दाब थोडा जरी पाझरला तरी ईएल ८४ च्या ग्रिडचा ताबा सुटतो. व्हॉल्व्ह नको तितका करंट ओढतो, त्याची प्लेट लाल होते आणि आउटपुट ट्रान्सफॉर्मर जळू शकतो. तो ट्रान्सफॉर्मर म्हणजे किटमधली सगळ्यात महाग वस्तू.

मी गडचांदूरला जाऊन आलो. एका दुकानात ०.१ मिळाला, पण १०० व्होल्टचा. मामांनी हातात घेतला आणि परत दिला. त्यांच्या डब्यात जुना कागदी ०.१ निघाला. त्यावर ४०० व्होल्ट लिहिलेलं आणि मीटरवर मापही बरोबर. मी खूश. मामा म्हणाले, "मीटरच्या सेलवर सगळेच शहाणे असतेत. दाबाखाली बघ." ईएल ८४ सॉकेटमधून काढून ठेवला, जुना कंडेन्सर लावला, सिरीज बल्ब घालून लाईट दिली आणि ग्रिडच्या पिनवर, म्हणजे दोन नंबरला, व्होल्ट मोजले. तिथे शून्य हवं. काटा हळूहळू नऊवर गेला. पाझरत होता.

आता उरला भंगारातल्या जुन्या टीव्हीचा बोर्ड. त्यात ६३० व्होल्टचा एक मिळाला, पण ०.०४७, म्हणजे निम्म्याहून कमी. मी हिरमुसलो. अर्धाच! त्यापेक्षा आपल्याच सामानात १६० व्होल्टचा ०.१ दिसला होता. म्हटलं, "मामा, रोजचा दाब १७०, हा १६० चा. दहाचाच फरक आहे, चालून जाईल की."

मामा पहिल्यांदाच जरा चढ्या आवाजात बोलले. "रोजचं बघू नको. सुरू करताना काय होतं ते बघ. डायोड लगेच चालू होतेत, व्हॉल्व्ह तापायला वेळ लागतो. तोवर करंट ओढायला कुणीच नाही. सगळा सव्वातीनशेचा दाब ह्या एकट्यावर येतो." मग त्या ०.०४७ कडे बोट दाखवलं. "हा लाव. माप अर्धं झालं तर काय बिघडतं ते गणित करून बघ. तू तर इंजिनीअर."

केलं. पुढचा रेझिस्टर ४७० किलोओहमचा. ०.१ घातला तर साडेतीन हर्ट्झच्या खाली आवाज कमी होऊ लागतो, ०.०४७ घातला तर सात हर्ट्झच्या खाली. माणसाला ऐकूच वीस हर्ट्झपासून पुढे येतं. म्हणजे मी ज्या अर्ध्यासाठी हळहळत होतो ते कानापर्यंत कधी पोचणारच नव्हतं. आणि ज्या दहा व्होल्टवर पाणी सोडायला निघालो होतो त्यावर सगळं उभं होतं.

(किट करणाऱ्यांसाठी एक गोष्ट. हे खेळणं नाही. बंद केल्यावरही फिल्टर कंडेन्सरमध्ये जीव घेण्याइतका चार्ज राहतो. तो रेझिस्टरने उतरवून, मीटरने खात्री करून मगच हात घालायचा. मामांचा नियम : चालू सेटवर मोजताना एक हात खिशात. जाणकार माणूस शेजारी नसेल तर करू नका.)

त्या रात्री झोप येईना म्हणून गीता काढली आणि बारावा अध्याय लागला. या वेळी मी श्लोकांमध्ये काय कमी होत जातं ते न बघता काय तसंच राहतं ते शोधलं. तुम्हीही पोथी उघडून बघा. आठव्यात 'मयि' आहे. नवव्यात 'माम्'. दहाव्यात 'मत्कर्म' आणि 'मदर्थम्'. अकराव्यात, जिथे अगदी शेवटची सवलत आहे, तिथेही 'मद्योगम्'. अर्जुनाला जमेल तेवढं माप भगवंत कमी करत जातात. अशक्त असलास, असमर्थ असलास, असू दे. पण 'माझ्याकडे' हा शब्द एकाही पायरीवर सुटलेला नाही. मी नेमकं उलटं करत आलो होतो. माळेचे मणी मोजून पूर्ण करायचो आणि मन मात्र सकाळच्या मीटिंगमध्ये.

माउलींनी तर माप किती खाली आणावं! नवव्या श्लोकावर ते म्हणतात, आठ प्रहर देता येत नसतील तर त्यातला एक निमिष दे. दहाव्यावर म्हणतात, अभ्यासाचीही ताकद नसेल तर जिथे आहेस तसाच राहा, आणि माळ्याने नेलं तिकडे मुकाट जाणाऱ्या पाण्यासारखा हो. पाटाचं पाणी किती आहे याचा हिशेब तिथे नाही.

विनोबांनी १९३२ साली धुळ्याच्या तुरुंगात याच अध्यायावर बोलताना लक्ष्मण आणि भरत यांची जोडी घेतली. एक रामाजवळ राहून सेवा करणारा, दुसरा दूर अयोध्येत. भरताला सहवास मिळाला नाही. त्याने पादुका ठेवून राज्य चालवलं. पादुका म्हणजे राम नव्हे, हे त्याला कळत नव्हतं का? तरी त्याची भक्ती लक्ष्मणापेक्षा कमी असं कुणी म्हणत नाही.

सकाळी ०.०४७ लावला. ईएल ८४ काढून ग्रिड मोजलं, शून्य. मग व्हॉल्व्ह बसवला, पुन्हा सिरीज बल्ब, मग थेट. कॅथोडवर सव्वासात व्होल्ट, जेवढे हवेत तेवढेच. मामांनी मान हलवली आणि चहा मागितला.

संध्याकाळी आईला बोलावलं. "काय करायलास रे चार दिवस?" म्हणत आली. मी बारावा अध्याय लावला. तिने थोडं ऐकलं, उठली, चाचपत देवघरापाशी गेली आणि कापडातली पोथी घेऊन आली. उघडली नाही. मांडीवर ठेवून वर हात ठेवला.

दहा-पंधरा मिनिटं झाली असतील, आणि लाईट गेली. जिवतीत नवीन नाही. व्हॉल्व्हचा सेट एकदम गप्प होत नाही. साठलेला चार्ज संपेपर्यंत आवाज हळूहळू बारीक होत जातो. तो विरला तेव्हा कळलं की आईचाही आवाज चालू आहे. मी मोबाईल थांबवला. मामा अंधारात काही बोलले नाहीत. एका ठिकाणी ती अडली, मागे जाऊन पुन्हा म्हणाली आणि पुढे गेली.

लाईट आली तेव्हा ती कितीतरी ओव्या पुढे होती. मी सेट बंद केला.

उद्या श्लोक १२. तिथे भगवंत ज्याला आपण एटीकेटी समजत होतो त्या फलत्यागाला ध्यानाच्याही वर बसवतात. आज एवढंच करा, हे चार श्लोक वाचताना 'म' ने सुरू होणारे ते शब्द पेन्सिलीने अधोरेखित करून ठेवा.

राम कृष्ण हरी.