मधुमेहाची गोळी आणि कर्करोग

मधुमेहाच्या रुग्णांना मेटफॉर्मिन हे नाव नवे नाही. जेवणासोबत घ्यावयाची ही स्वस्त गोळी अत्यावश्यक औषधांच्या राष्ट्रीय सूचीत समाविष्ट असून ती खेडोपाडीही पोहोचली आहे. हीच गोळी कर्करोगावरही चालते, असा समज गेल्या वीस वर्षांत जगभर पसरला. तो अगदीच निराधार होता असे नाही. परंतु तो आधार कितपत भक्कम होता, हे तपासून पाहणे अगत्याचे आहे. कारण अशा समजापायी शस्त्रक्रिया किंवा किरणोपचार लांबणीवर टाकणाऱ्या रुग्णाला गेलेले महिने परत मिळत नाहीत.

या औषधाची कुळकथा युरोपातील गॅलेगा या वनस्पतीपाशी सुरू होते. तिच्यातील द्रव्याशी रासायनिक नाते असलेले मेटफॉर्मिन १९२२ मध्ये डब्लिन येथे एमिल वर्नर व जेम्स बेल यांनी प्रयोगशाळेत सिद्ध केले. मधुमेही रुग्णांवरील त्याच्या उपयोगाचा वृत्तांत मात्र पॅरिसचे डॉ. जाँ स्टर्न यांनी १९५७ मध्ये प्रसिद्ध केला. अमेरिकेत त्याला मान्यता मिळण्यास १९९४ साल उजाडले.

कर्करोगाशी त्याचा संबंध जोडला गेला तो २००५ मध्ये. स्कॉटलंडमधील डंडी येथील संशोधकांनी टेसाइड भागातील मधुमेही रुग्णांच्या नोंदी तपासल्या. मेटफॉर्मिन घेतलेल्यांमध्ये कर्करोगाची शक्यता सुमारे एक पंचमांशाने कमी असल्याचे त्यांना आढळले. पाठोपाठ निरनिराळ्या देशांतून तसेच निष्कर्ष येऊ लागले आणि काहींतील आकडे तर याहूनही विलक्षण होते.

प्रयोगशाळेतूनही दुजोरा मिळत होता. जवळजवळ प्रत्येक पेशीत ऊर्जा निर्माण करणाऱ्या तंतुकणिका असतात. मेटफॉर्मिन त्यांच्या कार्यात किंचित अडथळा आणते. ऊर्जेची तूट भासताच पेशीतील एक विकर जागृत होते व वाढीचा वेग रोखते. शिवाय या औषधाने रक्तातील इन्सुलिनचे प्रमाण उतरते आणि इन्सुलिन हे काही गाठींच्या वाढीस पोषक ठरते. उपपत्ती सुसंगत होती, यात शंका नाही. अडचण एवढीच, की काचपात्रातील पेशींवर जी मात्रा वापरली जात होती, ती रुग्णाच्या रक्तात आढळणाऱ्या मात्रेच्या कितीतरी पट होती.

दप्तरातील आकडे

नोंदींवर आधारलेल्या अभ्यासांत एक सूक्ष्म दोष होता. तो समजण्यासाठी आपल्याकडील एक दाखला घेऊ. एखाद्या गावात ज्यांचे सहस्रचंद्रदर्शन झाले, अशा व्यक्तींचे सरासरी आयुर्मान इतर ग्रामस्थांपेक्षा अधिक भरणारच. म्हणून त्या विधीने आयुष्य वाढले, असे कोणी म्हणणार नाही. विधी होण्यासाठी ऐंशीपर्यंत जगणे ही मुळातच अट होती. नेमकी हीच गफलत अनेक अभ्यासांत झाली. नोंदीत आल्यावर तिसऱ्या वर्षी ज्याला मेटफॉर्मिन सुरू झाले, त्याची आधीची तीन सुखरूप वर्षेही औषधाच्या खात्यावर जमा करण्यात आली. कॅनडातील सॅमी सुइसा व लॉरेंट अझुले यांनी २०१२ मध्ये हा दोष उघड केला. हिशेब दुरुस्त होताच लाभ बराचसा विरून जाऊ लागला. दप्तर चोख असूनही निष्कर्ष चुकू शकतो, हे आकडेवारी हाताळणाऱ्या कोणाही अधिकाऱ्याने ध्यानात ठेवण्यासारखे आहे.

प्रत्यक्ष कसोटी

खरा निर्णय अशाच चाचणीतून होतो, जिच्यात कोणाला औषध द्यावयाचे हे चिठ्ठी टाकल्याप्रमाणे ठरते आणि उरलेल्यांना दिसायला तशीच, पण औषध नसलेली गोळी दिली जाते. स्तनाचा कर्करोग झालेल्या, परंतु मधुमेह नसलेल्या ३,६४९ रुग्णांवर अशी मोठी चाचणी टोरांटोच्या डॉ. पामेला गुडविन यांच्या नेतृत्वाखाली झाली. दिवसातून दोनदा ८५० मिलिग्रॅमची गोळी पाच वर्षांपर्यंत, असा तिचा क्रम होता. २०२२ मध्ये निकाल प्रसिद्ध झाला. चाचणीच्या प्रमुख गटात रोग उलटणे, नवा कर्करोग होणे किंवा मृत्यू येणे यांचे प्रमाण शंभर रुग्णांमागे वर्षाला औषध घेणाऱ्यांत २.७८ आणि न घेणाऱ्यांत २.७४ भरले. म्हणजे फरक नाहीच.

फुप्फुसाच्या कर्करोगात किरणोपचार व रसायनोपचार यांच्या जोडीला मेटफॉर्मिन देणाऱ्या दोन चाचण्यांचे निकाल २०२१ मध्ये आले. एकीत लाभ दिसला नाही. दुसरी लहान होती, तिच्यात मेटफॉर्मिन घेणाऱ्यांची स्थिती उलट अधिक बिघडली. प्रोस्टेट ग्रंथीच्या कर्करोगावरील 'स्टॅम्पीड' या चाचणीचा निकाल २०२४ मध्ये मांडण्यात आला. तेथे आयुर्मानातील फरक योगायोगापलीकडचा म्हणण्याइतका ठरला नाही. मात्र संप्रेरकरोधक उपचारांमुळे वाढणारे वजन व रक्तशर्करा यांना या गोळीने काहीसा आळा बसला. हा लाभ लहान, पण खरा आहे.

रुग्णांनी काय करावे

मधुमेह व कर्करोग दोन्ही असलेल्या रुग्णाने या वार्तेने बिचकून मेटफॉर्मिन बंद करू नये. मधुमेहासाठी तिची उपयुक्तता निर्विवाद आहे. मूत्रपिंड दुर्बल असल्यास मात्र रक्तात लॅक्टिक आम्ल साठण्याचा धोका संभवतो. म्हणून शिरेतून आयोडीनयुक्त द्रव्य देऊन सी.टी. स्कॅन करावयाचे असेल, तर आपण ही गोळी घेतो हे रुग्णाने आधी सांगावे. दीर्घकाळ घेणाऱ्यांत ब-१२ जीवनसत्त्वाची कमतरताही उद्भवू शकते, तेव्हा हातापायांना मुंग्या येत असल्यास रक्ततपासणी करून घ्यावी. मधुमेह नसलेल्याने केवळ कर्करोगाच्या भीतीने ही गोळी सुरू करण्यास आज आधार नाही. तीस वर्षांवरील स्त्री-पुरुषांची मधुमेह व रक्तदाब यांबरोबरच मुख, स्तन व गर्भाशयमुख यांच्या कर्करोगांसाठी प्राथमिक तपासणी शासकीय आरोग्य यंत्रणेमार्फत केली जाते. गावातील आशा कार्यकर्तीकडे तिची माहिती मिळू शकेल.