परदेशी खरेदीदार आता मजुराचा हिशोब मागतो

2010 साली नाशिकच्या द्राक्षांचे कंटेनर युरोपात अडकले होते, ही गोष्ट आपल्या जिल्ह्यातील व्यापाऱ्यांच्या स्मरणात असेल. क्लोरमेक्वाट या संजीवकाचा अंश मालात सापडला होता. माल गोड होता, दिसायला उत्तम होता, तरी नाकारला गेला. आणि मोठा फटका बसला तो बागायतदाराला व निर्यातदाराला. त्यातून एक धडा मिळाला. खरेदीदार केवळ माल पाहत नाही, माल कसा तयार झाला हेही पाहतो.

आज तोच खरेदीदार पुढचा प्रश्न विचारतो. बागेत काम कोणी केले? मजुरी किती व कधी दिली? कामावर लहान मूल होते काय? युरोपात द्राक्षे पाठविणाऱ्यांना ग्लोबलगॅपचे प्रमाणपत्र ठाऊक आहेच. त्याला जोडून ग्रास्प नावाची तपासणी असते. तिच्यात मजुरीच्या नोंदी, कामाचे तास, मजुराच्या तक्रारीची सोय, अल्पवयीन मुलांचे काम, असे मुद्दे तपासले जातात. पेठ-सुरगाण्याहून छाटणीला व तोडणीला येणाऱ्या मजुराची हजेरी अशा रीतीने परदेशी दुकानदाराच्या टेबलावर पोहोचते.

हा प्रश्न एकाएकी आलेला नाही. 1992 साली अमेरिकेत सिनेटर टॉम हार्किन यांनी बालमजुरांच्या हातून बनलेल्या मालाची आयात बंद करणारे विधेयक मांडले. ते मंजूर झाले नाही. पण त्याच्या नुसत्या धास्तीने बांगलादेशातील कपड्यांच्या कारखान्यांनी हजारो मुलांना कामावरून काढून टाकले. ती मुले शाळेत गेली नाहीत. त्यांतील कित्येक दगड फोडण्यासारख्या अधिक कष्टाच्या कामाला लागली. अखेर 1995 मध्ये तेथील कारखानदार संघटना, आंतरराष्ट्रीय कामगार संघटना आणि युनिसेफ यांच्यात करार झाला व मुलांना शाळा आणि विद्यावेतन देण्याची व्यवस्था झाली. घाईने माणूस काढणे म्हणजे सुधारणा नव्हे, हे यातून दिसले.

आपल्या देशातही याच काळात गालिचांवर बालमजुरीमुक्त असल्याची खूण लावण्याची पद्धत सुरू झाली. 1999 साली अमेरिकेने भारतातील एका उत्पादकाच्या विड्या बालमजुरीच्या कारणावरून रोखल्या. अमेरिकेचे श्रम खाते 2009 पासून अशा मालाची यादी प्रसिद्ध करीत आले आहे. त्या यादीत भारतातून विड्या, गालिचे, विटा आणि जरीकामाचे कापड यांची नावे आलेली आहेत. सिन्नरच्या विडी धंद्याशी किंवा जरीच्या कामाशी ज्यांचा संबंध आहे, त्यांनी हे ध्यानात घ्यावे.

यावर आपल्या व्यापाऱ्यांचा आक्षेप असा की, श्रीमंत देशांना मजुराची दया आलेली नाही. आपला स्वस्त माल त्यांना नको आहे. हा आक्षेप निराधार नाही. 1996 च्या डिसेंबरात सिंगापूर येथे जागतिक व्यापार संघटनेच्या परिषदेत भारताने व इतर विकसनशील देशांनी हीच भूमिका घेतली. कामगार मानकांचा उपयोग आपला बाजार राखण्यासाठी करू नये आणि हा विषय आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेने पाहावा, असे तेथील घोषणापत्रात नमूद झाले.

परंतु त्यानंतर काळ पुढे गेला आहे. बालमजुरीविषयीचे 138 व 182 क्रमांकाचे आंतरराष्ट्रीय करार भारताने 2017 मध्ये मान्य केले. ब्रिटनबरोबर जुलै 2025 मध्ये झालेल्या व्यापार करारात कामगारांविषयी स्वतंत्र प्रकरण आहे. युरोपीय संघाने 2024 मध्ये सक्तीच्या मजुरीने बनलेल्या मालाला बंदी करणारा कायदा केला असून तो 14 डिसेंबर 2027 पासून लागू व्हायचा आहे.

मालेगावचा यंत्रमागधारक म्हणेल, “आम्ही कुठे निर्यात करतो?” खरे आहे. पण त्याचे कोरे कापड व्यापाऱ्याकडे, तेथून रंगाईला, तेथून शिलाईला आणि त्यातले काही निर्यातदाराकडे जाते. परदेशी खरेदीदार निर्यातदाराला विचारतो, तो शिलाईवाल्याला विचारतो, असे करीत प्रश्न मागापर्यंत उतरतो. प्रश्न खाली येतो, वाढीव भाव मात्र खाली येत नाही. आमच्या मते खरी अडचण ही आहे. मोठा कारखाना कागद ठेवायला कारकून नेमू शकतो. दहा मागांचा मालक स्वतःच मालक, मुकादम आणि कारकून असतो.

म्हणून आजच काही गोष्टी कराव्यात, असे आम्हास वाटते.

पहिली, हजेरी व मजुरीची वही. मीटरवर मजुरी असली तरी किती मीटर, कोणता दर, किती रक्कम, हे लिहून मजुराची सही किंवा अंगठा घ्यावा. किमान वेतनाशी ताळा पाहावा.

दुसरी, उचलीची वेगळी वही. उचल देणे हा गुन्हा नाही. गरजेला ती मदतच असते. पण उचल फिटेपर्यंत मजुराला दुसरीकडे जाऊ न देणे ही वेठबिगारी होय आणि 1976 च्या कायद्याने ती बंद झालेली आहे. युरोपचा नवा कायदाही अशाच गोष्टीवर बोट ठेवील.

तिसरी, मुले. 2016 च्या दुरुस्तीनंतर चौदा वर्षांखालील मुलाला कामावर ठेवता येत नाही. स्वतःच्या कुटुंबाच्या धंद्यात शाळा सुटल्यावर हातभार लावण्याची सूट आहे, धोकादायक कामाला ती सूट नाही. जे मूल आज कामावर दिसते त्याला हाकलून देऊन मोकळे होऊ नये. त्याच्या शाळेची सोय पाहावी आणि त्याच्या घरातील मोठ्या माणसाला काम द्यावे.

चौथी, भाव. तपासणीचा खर्च एकट्याने सोसू नये. मागधारकांनी व बागायतदारांनी संघटनेमार्फत व्यापाऱ्याशी बोलावे: नोंदी हव्यात तर दरात त्याचा वाटा हवा. एकट्याने हे मागणारा ऑर्डर गमावतो. सगळ्यांनी मिळून मागितले तर ऐकावे लागते.

मजुराचा हक्क वेळेवर देण्याची ताकीद आपल्याला कोणा परदेशी खरेदीदाराने प्रथम दिलेली नाही. आपल्या दीनाने ती फार पूर्वीच दिली आहे. खरेदीदाराचा हेतू काहीही असो, मजुराचे देणे हे आपल्यावरचेच देणे आहे. ते चोख असेल तर कोणाचीही तपासणी आली तरी आपल्याला वही उघडताना संकोच वाटणार नाही.