संगणक जुना होतो, करार जुना होत नाही

दिलेला शब्द पाळणे हे ईमानधारकाचे लक्षण आहे. सूरह अल-माइदाच्या पहिल्याच आयतीत ईमानधारकांना करार पूर्ण करण्याची आज्ञा देण्यात आली आहे. घर भाड्याने घेताना, दुकानात भागीदारी करताना किंवा निकाहच्या वेळी ही आज्ञा आपल्या मनात असते. परंतु एक करार असा आहे, जो आपण जवळजवळ दररोज वापरतो आणि क्वचितच वाचतो. नव्या संगणकावर ऑपरेटिंग सिस्टिम सुरू होताना पडद्यावर लांबलचक मजकूर येतो आणि आपण 'मान्य आहे' या शब्दांवर क्लिक करून पुढे जातो. तोच हा करार, म्हणजे सॉफ्टवेअरचे लायसन्स.

आपण नेमके काय विकत घेतो?

पुस्तक विकत घेतले की कागद आपला होतो, परंतु ते छापून विकण्याचा हक्क लेखकाकडे किंवा प्रकाशकाकडेच राहतो. सॉफ्टवेअरचेही असेच आहे. पैसे देऊन आपल्याला मिळते ती वापरण्याची परवानगी आणि तिच्या अटी. संगणकासोबतच बसवून आलेल्या विंडोजची परवानगी साधारणपणे त्याच यंत्रापुरती असते. स्वतंत्र विकत घेतलेली प्रत मात्र एका यंत्रावरून काढून दुसऱ्यावर नेता येते. एकाच परवान्यावर दहा संगणक चालविणे दोन्ही प्रकारांत बसत नाही.

भारताच्या 1957 च्या कॉपीराइट कायद्यात 1984 च्या दुरुस्तीने संगणक प्रोग्रामचा समावेश साहित्यकृतींमध्ये करण्यात आला. बेकायदा प्रत जाणूनबुजून वापरणे हा याच कायद्याच्या कलम 63ब नुसार गुन्हा आहे. त्यासाठी सात दिवसांपासून तीन वर्षांपर्यंत कैद आणि 50 हजारांपासून दोन लाख रुपयांपर्यंत दंड सांगितला आहे. वापर व्यापारी लाभासाठी नसेल, तर न्यायालय कैदेऐवजी केवळ दंड करू शकते. हाच कायदा कायदेशीर प्रत बाळगणाऱ्याला नुकसानीपासून बचाव म्हणून राखीव प्रत करण्याची मुभाही देतो.

"जी वस्तू हातात धरता येत नाही, तिची मालकी कसली?" असा प्रश्न काही जण विचारतात. या विषयावर आलिमांमध्ये पूर्वी मतभेद होते. तथापि, डिसेंबर 1988 मध्ये कुवेत येथे झालेल्या आंतरराष्ट्रीय इस्लामी फिक्ह अकादमीच्या पाचव्या अधिवेशनाने लेखन, संशोधन आणि व्यापारी नाव यांचे हक्क शरीअतच्या दृष्टीने संरक्षणीय असल्याचा ठराव केला. सॉफ्टवेअर हेही अनेकांच्या श्रमाचेच फळ आहे.

'कंपनीनेच सोडून दिले' हा युक्तिवाद

जुन्या प्रणालींच्या बाबतीत एक समजूत फार रूढ आहे. विंडोज एक्सपी 2001 मध्ये आली आणि 8 एप्रिल 2014 रोजी तिचा आधार संपला. विंडोज 7 चा आधार 14 जानेवारी 2020 रोजी, तर विंडोज 10 चा सर्वसाधारण आधार 14 ऑक्टोबर 2025 रोजी संपला. "आता कंपनी ती विकतही नाही, मग कोठूनही उतरवून घेतली तर कोणाचे काय बिघडले?" असे म्हटले जाते.

वाचकहो, येथे दोन गोष्टींची गल्लत होते. आधार संपणे म्हणजे नव्या दुरुस्त्या येणे थांबणे. मालकी संपणे ही निराळी बाब आहे. शेजाऱ्याने घराची डागडुजी थांबविली, म्हणून ते घर आपले होत नाही.

मालक स्वतः परवानगी देतो तेव्हा काय घडते, हे एमएस-डॉसच्या उदाहरणावरून दिसते. 1981 मध्ये आलेल्या या प्रणालीच्या आरंभीच्या आवृत्त्यांचा मूळ कोड मायक्रोसॉफ्टने 2014 मध्ये अमेरिकेतील कॉम्प्युटर हिस्टरी म्युझियममार्फत पाहण्यास व अभ्यासण्यास दिला. व्यापारी वापराची मुभा तेव्हा नव्हती. 2018 मध्ये त्यांना एमआयटी परवाना लावला गेला आणि कोणीही ते वापरावे, बदलावे अशी मोकळीक मिळाली. 2024 मध्ये आवृत्ती 4 चा कोडही याच परवान्याखाली आला. कोड तीन दशकांहून अधिक जुना होता, तरी तो खुला झाला तो मालकाच्या संमतीने. सूरह अन-निसाच्या 29 व्या आयतीत परस्पर संमतीच्या व्यापाराची जी अट आहे, तिचे मर्म हेच आहे.

जुने वापरण्यात कमीपणा नाही

याचा अर्थ जुना संगणक टाकून द्यावा असा मुळीच नाही. कायदेशीर परवाना असेल, तर आधार संपल्यानंतरही ती प्रणाली वापरण्याचा आपला हक्क कायम राहतो. आपल्याकडे अनेक छापखान्यांत आजही पेजमेकर आणि युनिकोडपूर्व मराठी फॉन्ट चालतात, कारण वर्षानुवर्षांच्या फायली त्यांच्याविना वाचताच येत नाहीत. मदरशांत आणि उर्दू मासिकांच्या कार्यालयांत इनपेजच्या जुन्या फायलींचेही असेच आहे. चालते यंत्र जपून वापरणे ही कनाअत आहे आणि उधळपट्टीपासून बचावही.

परंतु जुन्या प्रणालीसोबत एक जबाबदारी येते. मे 2017 मध्ये 'वॉनाक्राय' नावाचा हल्ला जगभर पसरला. ज्या यंत्रांवर दुरुस्ती बसवलेली नव्हती, ती त्याला बळी पडली. ब्रिटनच्या सरकारी रुग्णालयांत रुग्णांच्या ठरलेल्या भेटी रद्द कराव्या लागल्या. आधार संपलेल्या एक्सपीसाठीही कंपनीला त्या वेळी अपवाद म्हणून दुरुस्ती काढावी लागली. तेव्हा ज्या संगणकात ग्राहकांची ओळखपत्रे, विद्यार्थ्यांच्या नोंदी किंवा जमातीचा हिशेब आहे, तो जुन्या प्रणालीसह इंटरनेटला जोडून ठेवणे म्हणजे लोकांची अमानत उघड्यावर ठेवणे होय. जुने यंत्र टंकलेखन आणि छपाईपुरते ठेवावे, नेटपासून तोडावे आणि फायलींची प्रत दुसरीकडे जपावी.

हलाल मार्ग अरुंद नाही

"अस्सल प्रत परवडत नाही" ही अडचण खरी आहे. विद्यार्थ्याच्या घरात आणि छोट्या दुकानात ती रोज जाणवते. परंतु अल्लाहने येथेही मार्ग मोकळा ठेवला आहे. रिचर्ड स्टॉलमन यांनी 1983 मध्ये ग्नू प्रकल्पाची घोषणा केली, तर लिनस टोरवाल्ड्स यांनी 1991 मध्ये लिनक्सचा गाभा प्रसिद्ध केला. त्यांतून उभ्या राहिलेल्या प्रणाली विनामूल्य मिळतात आणि त्यांतील हलक्या आवृत्त्या दहा-बारा वर्षांच्या संगणकावरही चालतात. आपल्या देशात सी-डॅकने 'बॉस' ही लिनक्सवर आधारित प्रणाली तयार केली असून तीत मराठीसह भारतीय भाषांची सोय आहे. कागदपत्रांसाठी लिब्रेऑफिस आहे. डॉसचे जुने प्रोग्राम चालवायचे असतील, तर 1994 पासून विकसित होत आलेले फ्रीडॉस आहे.

मात्र येथेही करार आहेच. लिनक्सच्या गाभ्याला लागू असलेला जीपीएल परवाना सांगतो की, त्यात बदल करून तो इतरांना दिला, तर बदललेला मूळ कोडही त्याच अटींवर द्यावा लागतो. अट ज्ञान वाटून घेण्याची असली, तरी ती अटच आहे.

आता काय करावे?

घरातील व दुकानातील प्रत्येक संगणक तपासावा. एक्सपी किंवा विंडोज 7 च्या काळातील यंत्रांवर बहुधा परवान्याचे स्टिकर असते, ते जपावे. वापरलेला संगणक घेताना "विंडोज टाकून देतो" एवढ्यावर समाधान न मानता परवाना कोणता, हे विचारावे. क्रॅक केलेली प्रत असेल, तर ती काढून अस्सल किंवा मुक्त प्रणाली बसवावी. सर्व एका दिवसात शक्य नसेल, तर ज्या यंत्रावर रोजी कमावली जाते, त्यापासून आरंभ करावा. मागील वापराबद्दल मनात शंका असेल, तर विश्वासू आलिमांचा सल्ला घ्यावा. कारण हक्क बंद्याचा असेल, तर तो चुकता करणे हा तौबेचाच भाग आहे.

मुलांना हे घरातच शिकवावे. दुकानातून चॉकलेट न विचारता उचलू नये, हे आपण त्यांना सांगतो. मग त्यांच्यासमोर क्रॅक उतरवून घेताना आपण काय शिकवीत असतो? सूरह बनी इस्राईलमध्ये दिलेल्या वचनाबद्दल जाब विचारला जाईल, असा इशारा आहे. 'मान्य आहे' हेही एक वचनच आहे.

अल्लाह आपल्या रोजीत पावित्र्य आणि बरकत देवो. आमीन.