जुनी फियाट की नवी गाडी?

व्याज नको म्हणून आपले बरेच व्यापारी बंधू रोखीत जुनी गाडी शोधतात. नियत नेक, पण हिशेब पुरा हवा. कुर्ल्यात बनलेल्या प्रीमियर पद्मिनीचे १०८९ सीसी पेट्रोल इंजिन कार्बोरेटरवर चालते. जेट साफ करणे, पॉइंट घासणे हे साध्या मिस्त्रीचे काम. नव्या गाडीत इंजेक्टर पेट्रोल मोजून देतो, ॲव्हरेज जास्त. बिघाड मात्र बहुधा संगणक लावल्यावाचून कळत नाही. खरी मेख कागदांत. १५ वर्षांनंतर खासगी गाडीची नोंदणी तपासणी होऊन ५ वर्षांसाठीच वाढते. पन्नाशी ओलांडलेली गाडी २०२१ च्या नियमांखाली ‘व्हिंटेज’ म्हणून नोंदवलेली असेल, तर ती रोजच्या वापरास वा धंद्यास चालत नाही. बाजारात तागे नेण्यास ती निकामी. बयाणा देण्याआधी आर.सी. बुक उघडून पाहावे.