वार्धक्यांतील छळ : ओळख व उपाय



कांहीं वर्षांपूर्वीं आमच्या आळींत एक वृद्ध आजी राहत असत. त्यांच्या चष्म्याची कांच फुटली होती व दोन पावसाळे लोटले तरी ती तशीच होती. एके दिवशीं मीं त्यांस मुलादेखत विचारलें, “आजी, सर्व ठीक आहे ना?” त्यांनीं मुलाकडे पाहिलें व म्हणाल्या, “ठीक आहे, मास्तर.” मी समाधानानें घरीं आलों. त्यांना वर्तमानपत्र वाचून दाखविणाऱ्या एका विद्यार्थ्यानें पुढें मला सांगितलें कीं, आजींना दिवसांतून एकदांच जेवण मिळतें व घराच्या कागदावर त्यांचा अंगठा घेतलेला आहे. जें एका मुलास दिसलें तें मला दिसलें नाहीं. त्या लज्जेंतूनच हा लेख लिहीत आहें.

छळ म्हणजे केवळ मारहाण नव्हे. त्याचे मुख्य प्रकार पांच : शारीरिक इजा, शिवीगाळ, धाक व अबोला यांनीं दिलेला मनस्ताप, पैसा वा मिळकत लुबाडणें, लैंगिक अत्याचार, आणि अन्न, औषध व स्वच्छता यांची हेळसांड. जागतिक आरोग्य संघटनेच्या अनुमानाप्रमाणें ६० वर्षें व त्यावरील दर ६ माणसांपैकीं सुमारें एकास वर्षभरांत असा कोणता ना कोणता त्रास सोसावा लागतो.

त्याच्या खुणा ओळखावयास शिकलें पाहिजे. वारंवार उमटणारे वळ, एकाएकीं घटलेलें वजन, न आणलेलीं औषधें, स्वतःच्या निवृत्तिवेतनाचा हिशेब ठाऊक नसणें, पाहुण्यांशीं एकटें बोलूं न देणें, घरचें माणूस येतांच बोलणें थांबणें, या त्या खुणा होत. मात्र एकाच खुणेवरून निवाडा करूं नये. वार्धक्यांत कातडी नाजूक होते व लहानशा धक्क्यानेंहि काळीनिळी पडते. आजारानेंहि वजन घटतें. अनेक खुणा एकत्र दिसल्या म्हणजे सावध व्हावें.

लोभ हें याचें एक कारण खरें, पण एकमेव नव्हे. स्मृतिभ्रंश झालेल्या सासऱ्याची रात्रंदिवस शुश्रूषा करून थकलेली सूनहि कठोर होऊं शकते. म्हणून प्रतिबंधाचा पहिला उपाय शिक्षा नसून हातभार हा आहे. भावंडांनीं पाळी वांटून घ्यावी; शेजाऱ्यांनीं घटकाभर येऊन बसावें. ज्या घरीं माणसांचें येणें-जाणें असतें, तेथें छळ लपून राहणें कठीण. वृद्धांनींहि न वाचलेल्या कागदावर सही वा अंगठा करूं नये.

एवढ्यानें न भागल्यास कायदा आहे. आईवडील व ज्येष्ठ नागरिक यांच्या चरितार्थ व कल्याणासंबंधीं २००७ सालीं झालेल्या कायद्यान्वयें न्यायाधिकरणाकडे पोटगीसाठीं अर्ज करतां येतो. वृद्ध स्वतः असमर्थ असल्यास त्यांच्या संमतीनें दुसरी व्यक्ति वा संस्था तो करूं शकते. हा कायदा लागू झाल्यानंतर सांभाळाच्या अटीवर दिलेली मिळकत, अट मोडल्यास, परत मागतां येते. वृद्धास टाकून देणाऱ्यास ३ महिन्यांपर्यंत कैद, ५,००० रुपयांपर्यंत दंड वा दोन्ही शिक्षा होऊं शकतात. सल्ल्यासाठीं १४५६७ व तातडीच्या प्रसंगीं ११२ या क्रमांकांवर दूरध्वनि करावा.

तुम्ही मुलांनीं स्वतः भांडावयास जाऊं नये. त्याचा राग मागाहून वृद्धावरच निघतो. जें पाहिलें तें विश्वासू वडील माणसास वा शिक्षकास सांगावें.

आईबापांचा मान राखण्याची आज्ञा लहान मुलांसाठींच आहे, असें पुष्कळांस वाटतें. परंतु तिची खरी कसोटी मुलें कर्तीं होतात व आईबाप थकतात तेव्हांच लागते.

त्या आजींना पुढें त्यांच्या लेकीनें आपल्या घरीं नेलें व नवा चष्मा करून दिला. माझा प्रश्न चुकीचा नव्हता. तो मुलादेखत विचारला ही चूक झाली. तुम्ही तो एकांतांत विचारा, आणि उत्तर येईपर्यंत बसून रहा.